आतून लावायची कडी

छावणीतल्या सुताराला सगळे जवान मामाच म्हणत. त्यांचा सख्खा भाचा तिथे शिपाई होता, त्यामुळे ते नाव आपोआप चिकटलं. स्वभाव तिरसट, पण हात असा की त्यांनी ठोकलेली खाट कधी कुरकुरली नाही. कुरकुरायचे ते मामाच.

जुन्या बराकीत खाटेला खाट लागून होती. एक जण शिंकला की सगळी ओळ शिव्या घालायची. भाच्याला झोपेत फिट यायची. कळलं तर नोकरी जाणार, म्हणून घरात फक्त मामांना माहीत होतं. तशी वेळ आली की शेजारच्या खाटेवरचा दोस्त त्याला कुशीवर वळवून धरायचा आणि जागे झालेल्यांना सांगायचा, गडी स्वप्नात भांडतोय, झोपा.

मग नवी इमारत झाली. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळं दार. जवान हरखून गेले. माणसाला स्वतःचं दार मिळालं, यात वाईट ते काय? भाच्याच्या तर जिवात जीव आला. आता कुणी बघणार नव्हतं. मामा दारं बसवत होते तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, माझी कडी जरा मजबूत लाव."

मामांना ते पटलं नव्हतं. पण पोराची नोकरी टिकायला हवी होती. त्यांनी लांब स्क्रू घेतले आणि मूग गिळून कडी पक्की बसवली.

एका सकाळी भाचा हजेरीला आला नाही. दार आतून बंद. दोघा-तिघांनी खांदे लावले, कडी ढिम्म हलेना. शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी चौकटच फोडली. भाचा पालथा होता, तोंड उशीत, अंग गार पडलेलं.

बहिणीला सगळं सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, मला एका शब्दाने बोलला नाहीस."

साहेबांचा हुकूम निघाला, सगळ्या कड्या काढा. मामा एकेक खोली करत निघाले. एका दारात कोवळा जवान आडवा उभा राहिला.

"मामा, माझी तेवढी राहू द्या."

"का रे? तुला काय होतं?"

"काही नाही."

मामांनी काकुळतीला येऊन पुन्हा विचारलं. त्याने कडीवर हात ठेवला. त्याला बाजूला सारून त्यांनी पहिला स्क्रू फिरवला, तेव्हा मात्र तो ढसाढसा रडायला लागला, "कडी गेली तर रात्री तो पुन्हा माझ्या खाटेवर येईल, मामा."