रामहरीनं लेकीवर घातलेली सावली

लिंबागणेशच्या आसपास लग्न ठरलं की भटजीच्या आधी रामहरीला सांगावा जायचा. मांडव घालावा तर त्यानंच. कडुनिंबाच्या हिरव्यागार डहाळ्या अशा काही रचायचा, की भर वैशाखात वऱ्हाड खाली गारव्याला जेवून उठायचं. कौतुकानं माणूस थोडा चढला होता, खोटं कशाला बोला!

निजामाच्या अमलात प्लेग आला, त्या साली तहसिलीतून हुकूम सुटला, गाव खाली करा. चैत्रात सारं गाव शिवारात राहायला गेलं. रामहरीनं आपल्या झोपडीसाठी लाकडाच्या मेढी रोवल्या, वर डहाळ्या घातल्या. बायको चंद्रभागाबाई म्हणाली, "वरून कडबा टाका की. ऊन लई हाय, अन् सत्यभामा लहान हाय."

"कडबा गोठ्यावर टाकत्यात. माझी लेक काय वासरू हाय?"

त्यात माया होती आणि मिजासही होती. त्याचा मांडव दोन दिवसांचा असायचा. वऱ्हाड गेल्यावर पाला सुकला काय अन् झडला काय, कोण बघतंय? इथं मात्र राहायचं होतं. पाला वाळला, गळाला, खाली ऊन उतरायला लागलं. चंद्रभागाबाई रोज सांगायची. "उद्या बघतो," म्हणून हा दुसऱ्यांच्या झोपड्या बांधायला जायचा. साऱ्या गावाला तोच हवा होता ना!

एका दुपारी परतला, तर दोन वर्षांची सत्यभामा तापून निपचित पडलेली. चंद्रभागाबाई तिच्यावर पदर धरून ओलं फडकं फिरवत होती. दिवस कलायच्या आत पोर गेली. प्लेग तिला शिवलाही नव्हता, उन्हानं नेलं. हे सांगताना मला त्या माणसाचा राग येतो, आणि त्याच्यासाठी पोटात तुटतंही.

लेकीला पुरून आल्यावर रामहरीनं आपल्या बैलांचा कडबा काढला. ज्या ज्या झोपडीवर त्यानं पाला घातला होता, तिच्यावर चढून कडब्याचा जाड थर दिला. लोक नको नको म्हणत होते, तो ऐकेना. उरलेल्या पेंढ्या घेऊन शेवटी आपल्या झोपडीशी आला. झडलेल्या डहाळ्यांखाली चंद्रभागाबाई उन्हात बसली होती.

"सरक जरा. वर टाकतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या लेकराला लागलं, ते मलाबी लागू द्या."

त्यानं पेंढ्या खाली ठेवल्या आणि तिच्याजवळ उन्हात बसला.