छोटूला किल्ली नाही

कवळीवाल्या बाईंचा राग इतरांसारखा येऊन जाणारा नव्हता. आला की तो मुक्कामालाच यायचा.

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत मेणाचं भांडं, घासायचं चाक, सगळीकडे पांढरी भुकटी, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात जाई, साचा बाईंच्या फळीवर राही. कवळी फुटो, हरवो, कुत्रा पळवो, साचा असला की बाई पुन्हा हुबेहूब तशीच करून देत. मेलेल्या गिऱ्हाइकांचे साचेसुद्धा त्यांनी टाकले नव्हते. खोली बघून नवरा म्हणे, "एवढे जण तोंड उघडून बसलेत, तरी बोलतेस तू एकटीच."

आणि अशा बाईकडे स्वतःच्या आईचा एकही फोटो उरला नव्हता.

त्याला कारण त्यांचा धाकटा भाऊ. वय पन्नाशीचं, पोट सुटलेलं, पण घरात अजून छोटू. "सगळे फोटो माझ्या ऑनलाइन खात्यात टाका, मी सांभाळतो," असं त्यानं कधीतरी म्हटलं, आणि सगळ्या घरानं भक्तिभावानं फोटो तिकडे पाठवून आपापले फोन मोकळे केले. बाईंनीही केला. मग आई गेली. नंतर एकदा सगळे जेवायला जमले असताना बाई भरल्या ताटावर बोलून गेल्या, "आई आजारी असताना तू यायचास ते फक्त फोटो काढायला."

छोटू अर्ध्या जेवणावरून उठला. दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन उघडला तर तिथे लिहिलेलं, की हा अल्बम बघायची तुम्हाला परवानगी नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई काय त्याच्या एकट्याची होती? "जिरवते त्याची," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या घरात माझं कपाट बांधते, कॉम्प्युटरचं. सगळ्या घराचे फोटो त्यात गोळा करते. सगळ्यांना किल्ली देते. फक्त छोटूला नाही. येऊ दे त्याला नाक मुठीत धरून."

"राग आला की बायका भांडी आपटतात," नवरा म्हणाला. "माझी बायको सर्व्हर बांधते."

पण मदत त्यानंच केली. ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तो घेऊन आला. बाईंनी तो आधी मागच्या खोलीत मांडला, तर प्लास्टरच्या भुकटीनं त्याचा पंखा घरघरू लागला. मग तो झोपायच्या खोलीत, माळ्यावर चढवला. राऊटरपासून तिथवर केबल आणायला भिंतीला भोक पाडलं तेही बाईंनीच, आणि पाडताना त्या छोटूचं नाव घेत होत्या. मोठी हार्डडिस्क बसली, घरातल्या फोनवर कपाट दिसू लागलं. मग बाई नातेवाइकांच्या मागे लागल्या. मामा, मावशी, भाचरं, ज्यांच्या फोनमध्ये जे काही उरलंसुरलं होतं ते उतरवून घेतलं आणि ज्याला त्याला किल्ली म्हणून वेगळा पासवर्ड दिला.

खरं घबाड मिळालं ते शिलाई मशीनच्या खणात. आईचा जुना फोन. आईला फोटो काढायचा असे, पण बोट पडे व्हिडिओवर, तेही सेल्फीच्या कॅमेऱ्याच्या. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत आईचा चेहरा पडदाभर, आणि पुटपुटणं, "लागलं का हे? बोलत का नाही?" एकात तर ती थेट डोळ्यांत बघत होती. "ताई, अगं हे बंद कसं करायचं?" तो बाईंनी पुन्हा पुन्हा ऐकला. हे छोटूकडेसुद्धा नव्हतं.

फोनमधलं सगळं कपाटात उतरवलं, आणि तो फोन कोरा करून दुकानात देऊन बदल्यात दुसरी डिस्क आणली. एकीवर जे असेल ते दुसरीवर आपोआप उमटणार होतं.

"एक बिघडली तर दुसरी आहे," दुकानदार म्हणाला. "पण मॅडम, हा आरसा आहे. तुम्ही एकीवरचं पुसलंत तर दुसरीवरचंही पुसलं जाणार. एक प्रत वेगळी काढून ठेवा."

बाईंना वाटलं, हा तिसरी डिस्क गळ्यात मारतोय. कवळी आणि साचा, दोन झाले की! आणखी काय हवं?

मग बाईंनी कपाट डोळे भरून बघायला घेतलं, आणि बघतात तो जिथेतिथे छोटू. मावशीच्या फोटोत छोटू, मामाच्या फोटोत छोटू, आणि आईचा हात कायम त्याच्या गळ्यात. लहानपणापासून जो तो म्हणे, छोटू म्हणजे अगदी आईच, तेच डोळे, तीच हनुवटी. बाई वडिलांवर गेलेल्या, नाकासकट. हा सल अल्बमच्या भांडणाहून कितीतरी जुना होता.

आपल्या घरात हे तोंड नको, असं त्यांनी ठरवलं. कपाटाला चेहरे ओळखता येत होते. एका माणसाचे सगळे फोटो, व्हिडिओ ते एकत्र करी, आणि शंका आली की विचारी, "ही तीच व्यक्ती आहे का?" बाईंच्या एका हातात चहाचा कप होता आणि चष्मा कपाळावर. हो, त्यांनी दाबलं. हो. हो. तोच तो मेला, हो! मग सगळे पुसून टाकले. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, नामोनिशाण राहायला नको म्हणून. पोटात कसं गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम करता करता त्यांना आईचा आवाज ऐकावासा वाटला. फोनमधून उतरवलेल्यातला एकच व्हिडिओ जागेवर होता, फिरत्या पंख्याचा. बाकी काही नव्हतं. त्यांनी दुसरी डिस्क बघितली. तीही तितकीच मोकळी. यंत्राला आई आणि छोटू एकच वाटले होते, आणि त्यानं विचारलं तेव्हा बाई हो म्हणाल्या होत्या. मावशीकडचे फोटो पुन्हा मागता आले असते. ते व्हिडिओ आता जगात कुठेच नव्हते.

बाई अजून तशाच बसल्या होत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात छोटू, अगदी नाक मुठीत धरून.

"ताई, माझं खातं गेलं," तो म्हणाला. "एकानं फोन करून मेसेजमध्ये आलेला नंबर विचारला, मी सांगून बसलो. सगळं गेलं बघ. मावशी म्हणाली, आईच्या फोनमधलं तू उतरवून घेतलंयस. चुकलं माझं. मला एकदाच तिचा आवाज ऐकव."

याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप केला होता. समोर आईचे डोळे रडत होते, आईची हनुवटी थरथरत होती. खरं सांगायचं तर, तुला पुसता पुसता मी आईला पुसलं, हे त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा जीभ तोडून दिली असती बाईंनी.

"तुला किल्ली मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

छोटूनं दारातूनच आत माळ्यावर लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. डोळे पुसले.

"नको देऊस," तो म्हणाला. "तुझ्याकडे आहे ना, बस झालं. लोकांचे दात सांभाळतेस तू, आईला काय टाकणार आहेस?"

तो जिना उतरून गेला. संध्याकाळी मामाचा फोन आला. "पुरे झालं आता. त्याला ऐकव गं एकदा."

"नाही ऐकवणार," बाई म्हणाल्या. हेच त्यांना आता जन्मभर म्हणायचं होतं.