ओकच्या पिंपातली बिअर

जावयाने आणलेली बिअर मी काकवी समजून घावनावर ओतली.

चूक माझी एकट्याची नव्हती. बाटली काळी, आतला ऐवज काळाकुट्ट आणि दाट, आणि माझा चष्मा टीव्हीवर! (घावनाला फेस आला तेव्हाही वाटलं, काकवी जरा आंबली असेल. टाकायची कशाला, म्हणून खाल्लं.)

"अहो, हा वास कसला?" बायकोने डोळे बारीक केले. लग्नानंतर जावई नीलेश पहिल्यांदाच आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आला होता, आणि तो पितो की काय, याचा छडा ही परवापासून लावत होती. पोराने वेलदोडा चघळला तरी हिला पुरावा!

नीलेश बिचारा सरळ. "आई, ती बिअर आहे. कडक असते, म्हणून घोट घोट चाखायची. गोडाबरोबर जोडी छान जमते. बाबांसाठीच आणली." त्याने पेल्यात दोन बोटं ओतली, शेजारी फणसपोळीचा तुकडा ठेवला. "आधी वास घ्या, बाबा. काय जाणवतं?"

हिची नजर माझ्यावर. पण जावयाचा मान! मी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "गूळ... ओली माती... आणि मागून किंचित गोठा!"

"वा, बाबा! ओकच्या पिंपात वर्षभर मुरवलीय ना!"

ओक म्हणजे आमचे शेजारी. आंब्यांची बाग, देवपूजा, लसूणसुद्धा वर्ज्य. नीलेशचं स्थळ त्यांनीच सुचवलेलं. आणि त्यांच्या परसात झाकण लावलेलं एक निळं पिंप आहे, त्याच्याजवळ ते कुणाला फिरकू देत नाहीत!

"तरीच!" ही कडाडली. "तरीच काल दोघे तासभर बागेत! स्थळ कसलं आणलंन, गिऱ्हाईक आणलंन मेल्याने!"

"आई, ओक म्हणजे..." नीलेशचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही परसातल्या दगडी गडग्यापाशी! मागोमाग मी, हातात पेला तसाच.

"ओकभावजी, पिंपात काय मुरत घातलंयत?"

गडग्यापलीकडून ओक खुशीत हसले. "कळलं वाटतं, वहिनी! अजून कुणाला बोललो नव्हतो. यंदा झकास जमलंय. देऊ बाटलीभर?"

"ऐका!" ही माझ्याकडे वळली.

मी आवाज खाली आणून विचारलं, "ओकभाऊ, घालता काय हो त्यात?"

"शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि वडाखालची माती. कलमांसाठी जीवामृत! दुसरं काय?"

गूळ. माती. गोठा. सगळं जुळलं! पेला हातातून सुटला. मी गडगा धरून वाकलो आणि घावन, फणसपोळी, मघाचं रसग्रहण, सगळं ओकांच्या हद्दीत अर्पण केलं.

नीलेश धावत आला. "बाबा, ओक हे झाड आहे हो! परदेशातलं! त्याच्या लाकडाचं पिंप!"

ओक माझ्याकडे बघत राहिले, मी जमिनीकडे. ही मात्र हसून हसून खालीच बसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली,

"जावईबापू, तुम्ही खुशाल चाखा. फक्त ह्यांच्यासमोर त्या झाडाचं नाव काढू नका. ह्यांना तो हुकूम वाटतो!"