हारालाम्पीच्या विटा

हारालाम्पीचा गॅसवर विश्वास नव्हता. खरं तर कशावरच नव्हता. बायकोनं वाढलेला मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा साधा घट्ट गोळा, तोही तो आधी चमच्यानं उकरून बघायचा. मोल्दोव्हातल्या त्या गावात त्यानं जन्मभर घरोघरी सोबा बांधल्या, भिंतीएवढ्या विटांच्या शेगड्या. मग गॅस आला आणि सरपंच तुदोसेच्या शब्दावर गावानं सोबा पाडल्या. हारालाम्पीनंही पाडली; पण विटा एकेक पुसून कोठीत रचून ठेवल्या.

यंदा रशियाशी गॅसच्या भावावरून वाजलं. निवडणूक महिन्यावर आलेली. तुदोसे चौकात गरजला, "गॅस बंद होणार म्हणणारे सगळे विरोधकांचे दलाल!"

हारालाम्पी घरी येऊन गॅसच्या ज्योतीकडे टक लावून बसला. ज्योत कालच्यापेक्षा बुटकी वाटत होती.

"इतकं बघितल्यावर कुणीही लाजेल," बायको येफ्रोसिना म्हणाली आणि खोकत खाली बसली. थंडीत तिची छाती भरायची. हिला गारठा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

संध्याकाळी तुदोसे मागच्या दारानं आला. हातात वाइनचा जग.

"काका, आमच्या मागच्या खोलीत एक सोबा बांधा. बायकोची हौस हो. ईस्टरचे पाव भाजायला."

"ईस्टरला सहा महिने आहेत."

"आमचे पाव मोठे असतात."

हारालाम्पीनं वाइन हुंगली आणि जग तसाच ठेवला. "विटा?"

"तुमच्या आहेत की कोठीत! आणि कुठं बोलू नका. लोक म्हणतील, काका विरोधकांना मिळाले. मला फार वाईट वाटेल."

विटा एकाच सोबेपुरत्या होत्या. वीटभट्टी केव्हाच बंद पडलेली. आत येफ्रोसिना खोकत होती.

सकाळी हारालाम्पीनं विटा अंगणात काढल्या. चिखल कालवण्याआधी सगळी सोबा कोरडी मांडून बघायची, ही त्याची रीत. कुंपणावरून शेजारच्या गेनादीनं मान काढली.

"कुणाची हो काका?"

"माझी."

"म्हणजे गॅस जाणार?"

"मी काही बोललो?"

दुपारी सरपंचाच्या सभेला माईकवाला तेवढा हजर होता. उरलेलं गाव जुन्या विटा शोधत उकिरडे उपसत होतं. तुदोसे धापा टाकत आला.

"काका, निवडणूक घालवलीत माझी!"

"मी अवाक्षर काढलं नाही."

"तेच तर! बोलला असतात तर कुणी विश्वास ठेवला असता का?"

चौथ्या दुपारी सोबा पेटली. येफ्रोसिना तिला पाठ टेकून झोपली. घटकाभर झालं, खोकला नाही, घरघर नाही. हारालाम्पीला हे काही ठीक वाटेना. त्यानं हळूच तिच्या नाकाखाली तळहात धरला.

"जिवंत आहे मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "लाकूड घाल."