लाल टिकली कुणाला?

“आता ओरडतेस? तेव्हा नव्हतीस ओरडली!” बाळंतपणाच्या टेबलावर एक आया मला म्हणाली होती, त्याला सतरा वर्षं झाली. त्यामुळे मैत्रीण शोभाने फोनवर विचारलं, “आमच्या गावातल्या बायका दवाखान्याला मार्क देणार आहेत, येतेस?” तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

नाशिकहून पहाटेची एसटी, चांदवडला उतरून देवळ्याकडची शेअर जीप. पुढची सीट मिळाली तर सोडू नका. मागे गुडघे आणि कांद्याच्या गोण्या एकमेकांत अडकतात. दोन्हीकडे काढणी चाललेली, वास थेट डोळ्यांत.

शाळेच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. सिस्टर नीट बोलतात का? बाळंतपणाची खोली उघडी असते का? शोभाने टिकल्या वाटल्या. “चांगलं तर हिरवी, वाईट तर लाल. सिग्नलसारखं!” गावात सिग्नल नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

बायका अशा तुटून पडल्या, की मलाही टिकली लावावीशी वाटली! मग तक्त्याखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी आले. दवाखान्याच्या नलिनी सिस्टरांची ओळ लालभडक. “एवढा राग? मग बदलीच करायला हवी,” म्हणत साहेबांनी लिहून घेतलं. दाराशी उभ्या सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला.

टिकल्या लावणाऱ्यांतल्या वत्सलाबाई ताडकन उठल्या. “अवो सायेब, लाल म्हंजे कुंकू! हिरवी टिकली कोण लावतं कपाळाला? बाळंतपणात माझ्या सुनेच्या पाठीवर हात फिरवत बसली ती. लय गुणाची हाय!”

“आन् हिरव्या त्या खोलीला दिल्यात,” मागून कुणीतरी म्हणालं, “कायम कुलूप!”

सगळे हसले, साहेबसुद्धा. पण म्हणाले, “सह्या झाल्यावर तक्ता बदलता येत नाही.”

वत्सलाबाईंकडे बाजरीची भाकरी आणि ठेचा खाताना मी आयाचं ते वाक्य पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. “तवा तुमच्याकडं टिकल्या नव्हत्या व्हय?”

घरी पोचले तरी तो प्रश्न सोबत होता. आज साहेबांना पत्र टाकलंय. नियमात बसत नाही, असंच उत्तर येणार, ठाऊक आहे. तरी लिहिलं: साहेब, तक्त्याखाली एवढी एकच ओळ लिहा, ‘या गावात लाल म्हणजे चांगलं’, आणि सिस्टरांना तिथेच राहू द्या.

सहीशेजारी एक टिकली लावली आहे. लाल.