पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

भागाकारआत्या माणसाचं नाव नंतर विचारायच्या, आधी मोबाइल नंबर. तो ऐकला की डोळे मिटून अंकांची बेरीज करायच्या आणि निकाल द्यायच्या, "तीनानं जातो. माणूस बरा असंल." काल्हेरच्या गोदामात त्यांच्या शेजारी बसून मी खोक्यांची लेबलं स्कॅन करायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझाही असाच निकाल लागला.

प्रत्येक आकड्याचा स्वभाव त्यांनी ठरवून टाकला होता. बारा खात्यापित्या घरचा, कारण तो स्वतः सोडून त्याच्या भाजकांची बेरीज सोळा भरते. आठ बिचारा उपाशी, सातावरच अडतो. अठ्ठावीस तंतोतंत: एक, दोन, चार, सात, चौदा मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच. आणि या सगळ्यांच्या वर मूळ संख्या, जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही.

"माझ्यासारखी," आत्या म्हणायच्या. "एक मी आन् एक माझी शेलार गावातली खोली. तिसरा कोण न्हाय."

तिसरा व्हायला गेटवरचे रखवालदार जाधव एका पायावर तयार होते. पडघ्याचे, विधुर, बिल्ला नंबर अठ्ठावीस. लोक गुलाब देतात, हे गृहस्थ वर्षभर आत्यांना ट्रकचे नंबर कागदावर उतरवून आणून देत होते. शेवटी त्यांनी सरळ लग्नाचंच विचारलं. आत्यांनी चार दिवस मागून घेतले, पण मला म्हणाल्या, "बिल्ला झ्याक हाय गो. पण सवय न्हाय ना कुणाची."

तिसऱ्या दिवशी एका खोक्यावर ५१०५११ आला. आत्यांनी स्कॅनर खाली ठेवला. दोनाने, तीनाने, पाचाने, साताने, अकराने, तेराने, सतराने भाग दिला. सातही वेळा बाकी एकच. "मूळ हाय," त्या म्हणाल्या आणि अख्ख्या शिफ्टला समोसे सांगितले. "एवढा मोठा आकडा, आन् बघ कसा एकटा ऐटीत उभा हाय. जाधवांना आजच 'न्हाय' म्हनून सांगते."

मी समोसा बाजूला ठेवला. मोठ्या आकड्याला वर्गमुळापर्यंत तपासायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे इथे सातशे चौदापर्यंत जायला हवं होतं, आणि आनंदाच्या भरात बाई सतरावरच थांबल्या होत्या. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकोणिसाने भाग दिला. बाकी शून्य. त्यांचा आनंद मोडायला जीव होईना, पण गेटवरच्या माणसाचाही जीव टांगलेला होता. मी पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

आत्यांनी गणित दोनदा केलं. मग इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. "अगो, पुढच्याच दाराला बसलेला हा," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही सत्त्याण्णव आणि दोनशे सत्त्याहत्तरही शोधून काढले. "घर भरलेलं निघालं गो," आत्या हळूच म्हणाल्या. उरलेले दोन समोसे कागदात बांधून त्या गेटकडे चालू लागल्या.

शेलारच्या बुद्धविहारात लग्न झालं. आत्या नोकरी सोडून पडघ्याला गेल्या. शेजारचं टेबल पाहिलं की मला अजून करमत नाही. परवा आत्यांना फोन लावला आणि एका नव्या खोक्यावरचा नंबर वाचून दाखवला. पलीकडे कागदावर पेन्सिल चालू झाली. मग लांबून जाधवांचा आवाज आला, "तेविसानं बघितलंस का?"

"झालं तेविसानं. तुम्ही एकोणतीस घ्या," आत्या म्हणाल्या, आणि मी फोनवर आहे हे दोघंही विसरून गेले.