वजनदार माणसं हवीत

बोट पुलाखाली अडकली ती माझ्यामुळे. कोपनहेगनच्या कालव्यांवरचे पूल बुटके. निघण्याआधी काठावरच्या खुणेवर पाणी किती चढलंय ते बघायचं, एवढंच आम्हा सुकाणूवाल्यांचं डोक्याचं काम. मी त्या वेळी धक्क्यावर ऊन खात पडलेली माणसं बघत होतो. बोट चारातले तीन हिस्से आत सरकली आणि मागे सुकाणूपाशी माझ्यासमोरच्या काचेची चौकट पुलाच्या दगडात जाऊन बसली. मागे घ्यायला गेलो तर काच कडकडली.

नेमका त्याच फेरीला ऑफिसातला फ्लेमिंग पुढच्या बाकावर होता, मांडीवर सात भाषा बोलणारी पेटी घेऊन. उद्यापासून पर्यटकांना शहर कोण दाखवणार, बोडिल की पेटी, हे त्याला ठरवायचं होतं. आमच्याकडे साहेबालाही अरेतुरे करतात, पण त्याने साहेब कमी साहेब होत नाही.

बोडिल एकतीस उन्हाळे या बोटीवर उभी आहे. जन्म कालव्याकाठच्याच एका खोलीतला. तिच्या शहरात राजे चार आणि झाडं चारशे. "हा राजवाडा," ती हात न उचलता म्हणते. मग दोन्ही हात उचलून, "आणि हे लिंडनचं झाड! माझ्या लग्नात एवढंसं होतं. नवरा गेला, हे टिकलं." लोक राजवाड्याकडे पाठ करून झाडाचा फोटो काढतात. इमारती बांधल्याची सालं ती दरवर्षी थोडी बदलते. तेच तेच ऐकून इमारती कंटाळतात म्हणे.

अडकल्याबरोबर ती माझ्याकडे वळली. मी मूळचा पश्चिमेकडच्या यूलंड प्रांतातला. "यूलंडच्या, तुझ्या गावात पूल नाहीत का रे?"

"आहेत. खाली पाणी नाही."

तेवढ्यात पेटी म्हणाली, "आता आपल्या डावीकडे विस्तीर्ण हिरवी बाग दिसत आहे." डावीकडे शेवाळ होतं. दोघा पर्यटकांनी त्याचाही फोटो काढला.

बोडिलने वरची चौकट चाचपली. "दोन बोटं खाली गेलो की सुटलो. वजन पाहिजे, आणि ते मागे!" बोटीची शेपटी अजून पुलाबाहेर, धक्क्याला लागून होती. धक्क्यावर कुणाचा तरी साठावा वाढदिवस चालला होता. टेबल, कागदी झेंडे, केक, वीसेक नातेवाईक.

"ए वाढदिवसवाले! वजनदार माणसं हवीत!"

एक आडवा गृहस्थ उठला. "मी चालेन?"

"सकाळी पावाला लोणी किती लावलंस?"

"दातांचा ठसा उमटेल एवढं!"

"मग पहिला तू!"

एका किडकिडीत मावशीला तिने केकसकट घेतलं. केकशिवाय ती भरत नव्हती. सगळे मागे दाटीवाटीने बसले, बोट कण्हत खाली गेली, आणि कुणीतरी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. पुलाखाली ते दुप्पट घुमलं. "डोकी खाली!" बोडिल ओरडली. गाण्याच्या शेवटी तिसऱ्या हुर्रेला सगळे एकदम बसल्या जागी उसळले आणि आपटले, चौकट सुटली, बोट सुळकन पलीकडे! लोक ओळख नसलेल्यांना मिठ्या मारत होते. मावशी केकसह फ्लेमिंगच्या मांडीवर पोचली होती. पेटी बाकाखालून जर्मनमध्ये बोलत होती.

उतरताना फ्लेमिंगने कोटावरचं क्रीम पुसलं, बोडिलकडे बघितलं आणि म्हणाला, "वाईट नव्हतं." आणि गेला.

बोडिल मटकन बसली. "एकतीस वर्षं! आणि वाईट नव्हतं!" ती थर्मास, छत्री, स्वेटर, सगळं पिशवीत कोंबायला लागली.

"बोडिल, तो कुठला आहे माहितीये? माझ्या गावापासून बारा किलोमीटर."

"मग मी काय करू?"

"माझे आजोबा आजीला जन्मात दोनदा 'वाईट नाही' म्हणाले. एकदा लग्नात, एकदा सहावं पोर झालं तेव्हा. दुसऱ्यांदा आजी रडली."

"म्हणजे?"

"म्हणजे याच्या वरचा शब्द आम्हा यूलंडवाल्यांकडे नाही."

ती पिशवी टाकून धावली. फ्लेमिंग सायकलवर बसत होता, पेटीची वायर मागे लोंबत होती. "फ्लेमिंग! उद्या येऊ ना?"

"दहाला," तो मागे न बघता म्हणाला. "नेहमीसारखी."

परत आली ती नाचतच. माझे दोन्ही गाल ओढून म्हणाली, "भाषांतराचं काय घेशील?"

"आईस्क्रीम. दोन गोळे, वर क्रीम आणि मुरांबा."

त्या दिवशी आईस्क्रीमच्या दुकानापुढे अर्धं शहर उभं होतं, म्हणून राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात तिने एक गोळा दिला. दुसरा अजून यायचाय.